पुण्यात नोकरीही नाही, घरही नाही: आधी खाट, मग नोकरी, मग घर

पुण्यात हडपसरला मामा किंवा चिंचवडला मोठा भाऊ असेल तर या लेखाची फारशी गरज नाही. ज्याचं शहरात कुणीच नाही, हातात ऑफर लेटर नाही आणि तरी जायचं ठरलं आहे, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर, कोकण, कुठूनही या. अडचणी सारख्याच येतात.

बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. नोकरी नाही म्हणून घरमालक फ्लॅट देत नाही, आणि राहायची सोय नाही म्हणून नोकरी शोधायला निवांतपणा नाही. मग चौघे मित्र वर्गणी काढून वीस-बावीस हजारांचा टू बीएचके घेतात, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं देतात, साठ हजार डिपॉझिट अडकवतात. दीड महिन्याने नोकरी लागते ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी खाट, मग नोकरी, मग घर. कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीतली एकच खाट भाड्याने द्यायला, पगाराची स्लिप कुणी मागत नाही.

## १. किती पैसे घेऊन निघायचं

पेठांत किंवा कात्रज-धनकवडीकडे कॉट घेऊन राहणाऱ्या एका माणसाचा पहिला महिना साधारण असा जातो:

- पहिले तीन-चार दिवस डॉर्मिटरी: १,५०० ते २,०००
- कॉटचं भाडं ४,००० आणि तेवढंच डिपॉझिट
- मेस, दोन वेळचं जेवण: ३,००० ते ३,५००
- चहा-नाश्ता: १,२००
- बस, मेट्रो: १,५०० ते २,०००
- मोबाइल, झेरॉक्स, फोटो, प्रिंट: ७०० ते ८००
- गादी, चादर, बादली, दोन कुलपं: १,५००

म्हणजे साडेसतरा ते एकोणीस हजार. पुढचा प्रत्येक महिना साडेदहा ते साडेअकरा हजारांचा.

नोकरी मिळायला दीड महिना लागेल असं धरून लोक पैसे आणतात आणि नोकरी लागल्यावर कंगाल होतात. कारण नोकरी लागणं आणि खात्यात पगार पडणं यांत मोठं अंतर असतं. समजा ५ जानेवारीला उतरलात आणि १६ फेब्रुवारीला जॉइन झालात. फेब्रुवारीचा तेरा दिवसांचा पगार ७ ते १० मार्चला येईल, पूर्ण पगार एप्रिलमध्ये. जॉइनिंग २४ तारखेला झालं तर आणखी पंचाईत. बऱ्याच कंपन्यांचा पगाराचा हिशेब २० ते २५ तारखेदरम्यान बंद होतो, मग तुमचे फेब्रुवारीतले दिवस मार्चच्या पगारात धरतात आणि पहिला पैसा एप्रिलमध्ये दिसतो. कॉन्ट्रॅक्टरकडे पगार महिन्याच्या १० ते १५ तारखेला होतो, तोही सुटीचा दिवस आला की पुढे सरकतो.

म्हणून शोधायला दीड महिना आणि पगाराची वाट पाहायला दीड महिना, असे तीन महिने धरा. वर परतीचं भाडं आणि दवाखान्यासाठी पाच हजार. एकूण ४५ हजारांच्या आसपास. एवढे नसतील तर पुण्याला येऊच नका असं नाही. पण मग भोसरी-चाकणच्या एमआयडीसीकडून सुरुवात करा. तिथे काम आठवड्या-दोन आठवड्यांत मिळतं, तिघा-चौघांत रूम घेतली तर माणशी दीड-दोन हजारांत भागतं आणि २०-२२ हजारांत पहिला पगार गाठता येतो.

परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात किंवा घरच्यांकडे ठेवा. युपीआयला जोडलेल्या खात्यात ठेवलेला राखीव पैसा राखीव राहत नाही.

## २. कागद गावाकडेच पूर्ण करा

सर्वांत आधी आधारला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. तो वडिलांचा किंवा बंद पडलेला असेल तर पुण्यात प्रत्येक ठिकाणी ओटीपीवर अडाल: बँक, पीएफ, भाडेकरार, डिजिलॉकर. निघण्याआधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. पॅन नसेल तर तेही काढा. पगाराचं खातं उघडताना ते मागतात.

सोबत ठेवायचे कागद:

- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र
- दहावी-बारावीची, पदवी, डिप्लोमा किंवा आयटीआयची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- ड्रायव्हिंग लायसन्स, आणि गाडी आणणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी
- आधीची नोकरी असेल तर अनुभवपत्र, शेवटच्या तीन पगार स्लिपा आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक)
- पासपोर्ट आकाराचे १२ फोटो

अधिवास, जात, नॉन क्रीमी लेयर असे दाखले लागण्यासारखे असतील तर ते गावाकडच्या सेतू केंद्रातून आधीच काढा. ते तुमच्या मूळ तालुक्यातून मिळतात, पुण्यातल्या तहसील कार्यालयात खेटे मारून काही होत नाही. सिक्युरिटी, गोदाम, बँकेचं कंत्राटी काम अशा ठिकाणी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. पत्ता गावचा असताना ते गावच्या जिल्ह्यातूनच लवकर निघतं, म्हणून शक्य असेल तर घेऊनच या.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात द्यायची नाहीत. कंपनीने पाहावीत, पडताळावीत आणि त्याच टेबलावर परत द्यावीत. ‘एक वर्ष आमच्याकडे जमा राहतील’ असं कुणी म्हटलं तर ती नोकरी सोडून द्या. ओळखीसाठी आधारची प्रत मागणाऱ्यांना पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. ते आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड होतं.

आधारवरचा पत्ता बदलायची घाई करू नका. कॉट दोन महिन्यांत सुटेल, आणि गावाकडच्या कितीतरी योजना त्या पत्त्याला धरून असतात. पक्कं घर मिळालं की पाहा.

## ३. केव्हा यायचं, कुठे उतरायचं

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या. पुण्यात खोल्या आणि कॉट एक तारखेला फिरतात. सोडणारा ३०-३१ला निघतो. २४-२५ तारखेला पोहोचलात तर कोणत्या खाटा रिकाम्या होणार आहेत ते पाहून निवड करता येते. पाच तारखेनंतर आलात तर उरलेलंच घ्यावं लागतं.

जून-जुलै टाळता आला तर टाळा. कॉलेजचे प्रवेश सुरू असतात, पेठा, कोथरूड, कर्वेनगर भरून जातं आणि मालक भाव सोडत नाहीत. गणपतीच्या दहा दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. त्या काळात लक्ष्मी रोडच्या आसपास बॅगा घेऊन खोली शोधणं म्हणजे शिक्षा आहे. दिवाळीच्या तोंडावर मेस बंद होतात, मुलाखतीही थंडावतात.

उतरायची ठिकाणं नीट समजून घ्या. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या एसटी स्वारगेटला येतात. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि नाशिककडच्या गाड्यांचं स्थानक शिवाजीनगर. पण मेट्रोच्या कामामुळे ते वाकडेवाडीला हलवलेलं आहे. ‘शिवाजीनगर’ म्हणून रिक्षात बसलात तर भलतीकडे जाल. नागपूर, नांदेडकडच्या बऱ्याच खासगी ट्रॅव्हल्स पहाटे चार-पाचला नगर रोडवर वाघोली, खराडीपासून माणसं उतरवत संगमवाडीपर्यंत येतात. अंधारात हमरस्त्यावर उतरण्यापेक्षा शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा.

रिक्षा मीटरने चालते. २०२२ च्या सप्टेंबरपासूनचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. रात्री १२ ते ५ पंचवीस टक्के जास्त. पहाटे स्टँडबाहेर ‘तीनशे’ ऐकू आलं तर हा हिशेब मनात करून पाहा, किंवा पाच वाजेपर्यंत स्टँडवरच चहा घ्या. पीएमपी, म्हणजे शहर बस, सकाळी लवकर सुरू होते.

मेट्रोच्या दोन मार्गिका पहिल्याच दिवशी पाठ करा. एक पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत, दुसरी वनाजपासून रामवाडीपर्यंत. गाडी बदलायची सिव्हिल कोर्ट म्हणजेच जिल्हा न्यायालय स्थानकात. मुलाखतीचा पत्ता या दोन रेघांपासून किती लांब आहे यावर वेळेचा अंदाज बांधता येतो. जिथे मेट्रो नाही तिथे, म्हणजे हिंजवडी, वाघोली, मगरपट्टा अशा ठिकाणी, सकाळी ९ ते ११ मध्ये दीड तास हातात ठेवा.

पहिले तीन-चार दिवस पुणे स्टेशन किंवा स्वारगेट परिसरातली डॉर्मिटरी घ्या. साधारण ३०० ते ६०० रुपयांत खाट आणि लॉकर मिळतो. आठवडाभराचे पैसे आगाऊ देऊ नका, रोजचे द्या.

## ४. पहिली खाट

पर्याय तीन. पेठांत आणि उपनगरांत कॉट बेसिस: एका खोलीत तीन ते सहा खाटा, जेवण बाहेर मेसमध्ये. दुसरा पीजी: जेवण, वायफाय, कपडे धुणं धरून, वाकड-हिंजवडी-खराडीत तिघांच्या खोलीत साधारण ७ ते १० हजार. तिसरा म्हणजे एमआयडीसीजवळची चाळीतली रूम: दहा बाय दहा, संडास बाहेर सामाईक, दोघे-तिघे मिळून घ्यायची.

नोकरी नसताना कॉट बरी, पीजी नाही. पीजीवाले एक महिन्याचं डिपॉझिट घेतात, सोडताना एक महिन्याची नोटीस मागतात आणि ‘मेंटेनन्स’ म्हणून हजार-दीड हजार कापतात. महिन्याभरात नोकरी दुसऱ्या भागात लागली तर तेवढे पैसे गेलेच. कॉटवाले पंधरा दिवसांच्या नोटिशीवर तयार होतात, विचारलं तर.

खोली शोधायला ॲपपेक्षा पाय उपयोगी पडतात. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत अभ्यासिकांच्या, मेसच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या भिंतींवर ‘कॉट उपलब्ध’च्या चिठ्ठ्या असतात. मेसवाल्या काकूंना विचारा. कोण मुलगा महिनाअखेर सोडतोय हे त्यांना मालकाच्याही आधी कळतं. खोली दुपारी पाहू नका. सकाळी साडेसात-आठला जा, म्हणजे बाथरूमपुढची रांग आणि पाण्याची धार दोन्ही दिसेल.

पैसे देण्याआधी हे विचारा:

- लाइट बिल भाड्यात आहे की वेगळं? सबमीटर असेल तर युनिटचा दर काय?
- पाणी किती वेळ येतं, वर टाकी आहे का? महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी, त्या दिवशी काय करतात?
- दार रात्री किती वाजता बंद होतं? सेकंड शिफ्ट मध्यरात्री सुटते, त्या मुलाला दहाचं दार चालत नाही.
- सोडायची नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत?

उत्तरं व्हॉट्सॲपवर मालकाकडून लिहून घ्या. ‘काका, आपलं बोलणं झालं ते असं’ म्हणून तुम्हीच मुद्दे पाठवा आणि त्यांचं ‘हो’ घ्या. नंतर डिपॉझिटच्या वेळी हाच कागद. पैसे युपीआयने द्या. रोख दिले तर पावती घ्या.

फसवणुकीचे दोन प्रकार फार चालतात. एक, ऑनलाइन जाहिरातीतला ‘लष्करातला अधिकारी’: बदली झाली आहे, फ्लॅट स्वस्तात द्यायचा आहे, गेट पाससाठी किंवा बुकिंगसाठी दोन-पाच हजार पाठवा, नाहीतर ‘परताव्यासाठी’ हा क्यूआर स्कॅन करा. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. दोन, ‘आमच्याकडे मालकांचे थेट नंबर आहेत’ म्हणणारी नोंदणी फी. प्रत्यक्ष खोली पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मेस पहिल्या आठवड्यात महिन्याची लावू नका. बहुतेक ठिकाणी सुटी थाळी मिळते. तीन-चार मेस खाऊन पाहा. ‘खाडे’ धरतात का हे नक्की विचारा, म्हणजे गावाला गेल्याच्या दिवसांचे पैसे पुढे वळते होतात का.

मुलींसाठी कर्वेनगर, कोथरूड, कर्वे रोड या भागांत लेडीज हॉस्टेल भरपूर आहेत. भाडं थोडं जास्त, दार साडेनऊ-दहाला बंद. कंपनीची कॅब असलेली रात्रपाळी मिळत असेल तर ती स्वीकारण्याआधी हॉस्टेलकडून लेखी परवानगी मिळते का ते पाहा. सरकारी मदतीवर चालणारी वर्किंग विमेन हॉस्टेल स्वस्त आणि सुरक्षित असतात, पण ती नोकरी करणाऱ्या महिलांसाठी असतात. ऑफर लेटर हातात आल्याच्या दिवशीच अर्ज टाका.

## ५. कोणत्या कामाला कोणता भाग

नोकरी कुठे लागेल ते ठाऊक नसलं तरी कोणत्या प्रकारची शोधणार ते ठाऊक असतंच. खाट त्या दिशेला घ्या.

आयटी आणि त्यातली सपोर्टची कामं पश्चिमेला हिंजवडी-बाणेर-बालेवाडीत आणि पूर्वेला खराडी-मगरपट्टा-विमाननगरमध्ये. या दोन टोकांच्या मधोमध शिवाजीनगर-पेठा येतात, म्हणून मुलाखतींच्या काळात मध्यवस्ती सोयीची. कॉल सेंटर आणि बॅक ऑफिस मुख्यतः येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी, हडपसर. त्यांच्यासाठी चंदननगर, वडगाव शेरी किंवा मांजरी परवडतं. यंत्रशाळा, वेल्डिंग, सीएनसी, टर्नर-फिटर यांनी सरळ भोसरी-मोशी-चिखली धरावी. वाहन उद्योग चाकणला. राहायला नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे. तळेगावला काम असेल तर पुणे-लोणावळा लोकल हाताशी असते, त्यामुळे आकुर्डी किंवा देहूरोडला राहूनही जमतं. रांजणगावला मात्र पुण्यातून रोज जाऊ नका, तिथेच राहा.

वाघोली, हिंजवडी-मारुंजी, उंड्री इथली भाडी नकाशावर स्वस्त दिसतात. टँकरचं पाणी आणि बसची वाट यांचा खर्च त्यात मिळवून बघा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी आहे, तेव्हा तिथे टाकी आणि पिंप दोन्ही हवं.

## ६. नोकरी शोधायची

कारखान्यातल्या कामाला एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर सकाळी आठ-साडेआठला जावं लागतं. बहुतेक भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत होते. गेटवरचा सिक्युरिटी सांगतो कोणत्या कॉन्ट्रॅक्टरची माणसं आत आहेत. कॉन्ट्रॅक्टरला त्याच्या कमिशनचे पैसे कंपनी देते; तुमच्याकडून ‘गेट पास’, ‘ड्रेस’, ‘बूट’ म्हणून आगाऊ मागत असेल तर पुढच्या गेटवर जा. आयटीआयवाल्यांनी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून मोठ्या कंपन्यांत वर्षभराची अप्रेंटिसशिप घ्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. स्टायपेंड कमी, पीएफ लागू नाही, पण शेवटी मिळणारं प्रमाणपत्र हेल्परच्या तीन वर्षांपेक्षा जास्त कामाला येतं. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवरही नाव घाला. रोजगार मेळाव्यांचे निरोप तिथून येतात.

ऑफिसच्या कामाला नोकरीच्या संकेतस्थळांवर प्रोफाइल टाकून भागत नाही, ते रोज सकाळी थोडंसं बदलून सेव्ह करा. अलीकडे हात लावलेली प्रोफाइल भरती करणाऱ्यांना आधी दिसते. रेझ्युमेवर पुण्याचा पत्ता आणि ‘लगेच जॉइन होऊ शकतो’ ही ओळ हवी. गावचा पत्ता दिसला की ‘हा येणार कधी’ म्हणून फोनच येत नाही. शहरात आल्याचा हा मोठा फायदा आहे, तो वापरा. वॉक-इनला, म्हणजे वेळ न ठरवता थेट होणाऱ्या मुलाखतीला, दहा वाजता पोहोचा. बारानंतर गेलेल्यांना बऱ्याचदा ‘रेझ्युमे ठेवून जा’ एवढंच ऐकायला मिळतं.

कन्सल्टन्सीचं गणित सोपं आहे. प्रामाणिक कन्सल्टन्सी कंपनीकडून पैसे घेते. नोंदणीचे पाचशे, ‘ट्रेनिंग’चे पाच हजार, पहिल्या पगाराचा अर्धा भाग, असलं काही निघालं की उठून या. आयटीत याचा मोठा भाऊ आहे: दीड-दोन लाख घेऊन खोट्या अनुभवपत्रासह ‘बॅकडोअर’ प्रवेश. कंपन्या पीएफच्या नोंदी तपासतात. तीन वर्षांचा अनुभव दाखवला आणि यूएएनवर एक महिनाही जमा नसेल तर सहा महिन्यांनी का होईना, काढून टाकतात. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासला एकच प्रश्न विचारा: नोकरी न लागल्यास फी परत, हे करारात लिहून देणार का?

चार आठवडे झाले आणि काहीच हलत नसेल तर डिलिव्हरीचं काम पूल म्हणून घेता येतं. गाडी, लायसन्स, विमा, पॅन, बँक खातं एवढं लागतं. गाडी नसेल तर आठवड्याच्या भाड्याने ई-बाइक मिळते. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या ई-बाइकला लायसन्स लागत नाही. कमाईतून पेट्रोल किंवा भाडं, मोबाइल डेटा आणि गाडीची झीज वजा करून दिवसाचा आकडा मांडा. सकाळचे चार तास मुलाखतींना मोकळे ठेवा, नाहीतर पूल संपतच नाही.

## ७. जॉइन होताना विचारायचं

‘पॅकेज’ आणि हातातला पगार या दोन वेगळ्या गोष्टी. वर्षाला २.४ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिना वीस हजार वाटतात. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० (मूळ पगार १५,००० धरला तर), तुमचा वाटा १,८००, ईएसआयसीत (कामगारांचा आरोग्य विमा) कंपनीचे ३.२५ टक्के आणि तुमचे ०.७५ टक्के, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), आणि कधी ग्रॅच्युइटीही. हातात १५ हजारांच्या आसपास येतात. महिलांना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. कापला असेल तर विचारा.

पीएफ, ईएसआयसीचे पैसे कापले म्हणून हळहळू नका. ईएसआयसी २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होते आणि तिच्यातून तुमच्यावर, घरच्यांवर दवाखान्यात उपचार होतात. परक्या शहरात ही मोठी सोय आहे. कापतात पण भरत नाहीत असे कॉन्ट्रॅक्टरही आहेत. म्हणून दुसऱ्या महिन्यात उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून रक्कम जमा झाली का ते पाहा. आधी कुठे काम केलं असेल तर जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका.

कारखान्यात एवढं विचारा: शिफ्ट आठ तासांची की बारा, ओव्हरटाइम सिंगल की डबल, पगाराची तारीख, कंपनीची बस कुठल्या चौकातून, कँटीनचे किती कापतात. नियमाप्रमाणे ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. जाहिरातीतला ‘१८ हजार’ बहुधा रोज बारा तास आणि एकही खाडा नाही, असा मोजलेला असतो.

## ८. आता घर

दुसरा पूर्ण पगार झाल्याशिवाय फ्लॅटच्या मागे लागू नका. तोवर नोकरी टिकते का हे कळतं, आणि ऑफिसातूनच रूममेट सापडतात.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरते’ हे ब्रोकर सर्रास सांगतात आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी, नोंदणीकृत करार करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक कुरकुर करत असेल तर हे शांतपणे सांगा. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, हे तुम्ही लक्षात ठेवा.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेवर. महिना १२,००० भाडं, ११ महिने, डिपॉझिट ४०,००० असेल तर बेरीज सुमारे १,३५,७०० आणि शुल्क साडेतीनशे-चारशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एजंटने साडेचार हजार सांगितले तर बाकीची त्याची मजुरी आहे, घासाघीस करा. खर्च मालकाशी निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे.

करारात प्रत्येक राहणाऱ्याचं नाव घाला. ज्याचं नाव नाही त्याला पत्त्याचा पुरावा नाही, आणि ज्याचं एकट्याचं आहे तो बाकीचे पळाले की पूर्ण भाड्याला अडकतो. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचा, रंगकामाचे पैसे कोण देणार, सोसायटीचा मेंटेनन्स कुणाकडे, हे वाचूनच अंगठा द्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवायची असते, पण वाकड, हिंजवडी, चाकण, तळेगाव हा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतो. पुणे शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर तो सापडणार नाही.

ताबा घेताना वीज मीटरच्या आकड्याचा फोटो, भिंती, नळ, गीझर, फरशी यांचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. मागची वीजबिलं भरलेली आहेत का ते ग्राहक क्रमांकावरून महावितरणच्या ॲपवर दिसतं.

स्वयंपाकाला गॅस कनेक्शनची वाट पाहू नका. ५ किलोचा छोटा सिलिंडर गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दुकानात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देतात तो मात्र घेऊ नका; त्यात स्फोट होतात. घरचं रेशन कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं असेल आणि तुमचं नाव त्यात असेल तर पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा १२ अंकी क्रमांक आणि अंगठा देऊन तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. घरी फोन करून तेवढं सांगून ठेवा, नाहीतर ते तिकडे आधीच उचललेलं असतं.

जुनी कॉट सोडण्याची नोटीस करार नोंदवून झाल्यावरच द्या, तोंडी बोलण्यावर नाही. दोन्ही ठिकाणी पाच-सहा दिवसांचं भाडं दुहेरी पडलं तरी चालेल. आणि कॉटमालकाला किल्ली देण्याआधी डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज पाहून घ्या. ‘उद्या पाठवतो’ म्हटलं तर किल्लीही उद्या.